माध्यमिक बीजगणित : क्षमता आणि पाठ्यपुस्तक यांतील अंतर

प्रस्तावना

अभ्यासक्रम आराखड्यातील अपेक्षा आणि पाठ्यपुस्तक यांत सुसंगती असावी, हे तत्त्व सर्वमान्य आहे. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने आकडेमोडीचे कौशल्य हे गणित शिक्षणाचे संकुचित उद्दिष्ट, तर विचारांचे गणितीकरण हे व्यापक उद्दिष्ट मानले. २०२३ च्या राष्ट्रीय आराखड्याने विषयनिहाय उद्दिष्टे व क्षमता निश्चित केल्या. या पार्श्वभूमीवर २०१८-१९ पासून लागू झालेल्या 'बालभारती'च्या इयत्ता दहावीच्या 'गणित भाग १' या पुस्तकाचा विचार करणे उचित ठरेल.

रचना व गुण

पुस्तकात दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी अशी सहा प्रकरणे आहेत. वस्तू व सेवा कर २०१७ मध्ये लागू होताच पुढील वर्षी तो पुस्तकात आला, ही तत्परता प्रशंसनीय आहे. भाषा सुबोध असून सोडवलेली उदाहरणे पुरेशी आहेत.

मुख्य उणीव

मात्र रेषीय समीकरणांच्या प्रकरणात आलेख, निश्चयक व क्रेमरची पद्धत आधी येते आणि उपयोजन शेवटी. परिणामी तयार समीकरण सोडवणे हा मुख्य भाग ठरतो व समीकरण मांडणे हा पुरवणी भाग. अर्थनियोजनातील उदाहरणे बहुतांशी शेकडेवारीने सुटतात. बीजगणिताच्या पुस्तकात असूनही त्यांत अव्यक्त राशीची गरज क्वचितच भासते. व्यवहार आला, पण त्याचे गणितीकरण झाले नाही.

स्थानिक संदर्भाचे उदाहरण

नेवासा तालुक्यातील घोडेगाव कांद्याच्या बाजारासाठी परिचित आहे. तेथील विद्यार्थ्यापुढे पुढील प्रश्न ठेवता येईल. जवळच्या बाजारात क्विंटलला १४०० रुपये भाव व गाडीभाडे १२०० रुपये. दूरच्या बाजारात भाव १४५० रुपये व भाडे ३२०० रुपये (आकडे गृहीत). हमाली व तोलाई दोन्हीकडे प्रति क्विंटल सारखीच आहे. माल कोठे न्यावा?

येथे चल कोणते मानावे हे विद्यार्थ्यालाच ठरवावे लागते. माल न क्विंटल मानल्यास १४००न − १२०० = १४५०न − ३२०० हे समीकरण मिळते आणि न = ४० येते. समान हमाली-तोलाई दोन्ही बाजूंनी का वगळता आली, हेही त्याला उमगते. चाळीस क्विंटलपेक्षा कमी माल असल्यास जवळचा बाजार, अधिक असल्यास दूरचा, हा निष्कर्ष असमानतेकडे नेतो. पुस्तकात असमानतेला स्वतंत्र प्रकरण नाही. भावातील फरक रोज बदलतो; तो फ रुपये मानल्यास न = २०००/फ हे सूत्र हाती येते. फरक २५ रुपयांवर आल्यास मर्यादा ८० क्विंटल होते. एका उदाहरणाचे सूत्रात रूपांतर होणे हेच बीजगणिताचे मर्म होय.

मूल्यमापन

दोन्ही भागांच्या लेखी परीक्षेला प्रत्येकी ४० व अंतर्गत मूल्यमापनाला २० गुण अशी विभागणी आहे. प्रश्नपत्रिकेत रीतीला गुण मिळत असतील, तर शिक्षकही रीतच शिकवणार. त्यात त्याचा दोष नाही. तथापि अंतर्गत २० गुणांत परिसरातील प्रश्नाची मांडणी, उत्तराचा अर्थ व त्याची मर्यादा यांना स्थान देणे शक्य आहे.

समारोप

प्रत्येक प्रकरणाशेजारी क्षमता छापल्याने अभ्यासक्रम सुसंगत होत नाही. क्षमता, प्रकरण, सरावसंच आणि प्रश्नपत्रिका या चारही टप्प्यांवर तीच अपेक्षा टिकली पाहिजे. प्रकरणाचा आरंभ मांडणीने व्हावा आणि सोडवण्याच्या रीती तिच्या गरजेतून याव्यात. राज्याचा शालेय अभ्यासक्रम आराखडा २०२४ मध्ये तयार झाला असल्याने हा क्रमबदल नव्या पुस्तकांत होणे अगत्याचे आहे. अन्यथा दहावी उत्तीर्ण विद्यार्थी क्रेमरची पद्धत बिनचूक लिहील. परंतु घरचा कांदा कोणत्या बाजारात न्यावा, हे ठरवताना बीजगणित त्याला आठवणार नाही.