चित्रपटातील व्यसनानुभव

मद्य वा मादक द्रव्ये यांच्या आहारी गेलेल्या व्यक्तीची मनोवस्था चित्रपटात मुख्यत्वे संकलन व ध्वनी यांच्या द्वारे व्यक्त होते. व्यसनाची बाह्य लक्षणे अभिनयाने दाखविता येतात. परंतु व्यसनी माणसाची कालाची जाणीव कशी विस्कटते, हे दाखविण्यास दृश्यांची लांबी, त्यांची पुनरावृत्ती व ध्वनीचे चढउतार हीच साधने उपयोगी पडतात. मात्र लय ही मुळातच मोहक असल्याने व्यसनाचा निषेध करू पाहणारा चित्रपट नकळत त्याचे आकर्षणही वाढवू शकतो. मुंबईच्या हिंदी चित्रपटांत या दोन्ही शक्यतांची उदाहरणे आढळतात.

बिमल रॉय दिग्दर्शित देवदास (१९५५) या चित्रपटाचे संकलन हृषीकेश मुखर्जी यांनी केले. मद्यपी नायकाच्या अखेरच्या रेल्वेप्रवासात धावती गाडी, मागे पडणारी स्थानके व नायकाचा खंगलेला चेहरा यांची गुंफण आहे. येथे गती आहे, पण गंतव्य नाही. नशेचे एकही चमत्कृतिपूर्ण दृश्य न योजता व्यसनी जीवनाची निरर्थक धाव त्यातून प्रत्ययास येते.

याउलट देव आनंद यांच्या हरे रामा हरे कृष्णा (१९७१) या चित्रपटाचा हेतू काठमांडूतील हिप्पींच्या व्यसनाधीनतेविषयी इशारा देण्याचा होता. बहिणीच्या आत्महत्येने कथेचा शेवट होतो. तथापि राहुल देव बर्मन यांचे संगीत व आशा भोसले यांचा स्वर लाभलेले ‘दम मारो दम’ हे गीतच लोकांच्या स्मरणात राहिले. त्याला उत्तर म्हणून लगेच येणारे नायकाचे उपदेशपर गीत त्यापुढे फिके पडले. ध्वनीने येथे कथेवर मात केली.

डॅरन ॲरोनॉफ्स्की यांच्या रेक्विएम फॉर अ ड्रीम (२०००) या अमेरिकन चित्रपटात नशा करण्याची कृती क्षणार्धाच्या समीपदृश्यांत व ठसठशीत ध्वनींत तोडून वारंवार दाखविली आहे. प्रारंभी चटकदार वाटणारी ही मालिका पुनरावृत्तीने यांत्रिक व असह्य होते. हेरॉइन घेणारा मुलगा व वजन घटविण्याच्या गोळ्या घेणारी त्याची आई या दोघांसाठी तंत्र एकच आहे. त्यामुळे बेकायदेशीर नशा व वैद्यांनी दिलेले औषध यांतील अंतर पुसले जाते. मात्र प्रेक्षक बव्हंशी व्यसनी व्यक्तीच्या अनुभवातच कोंडला जातो.

मीरा नायर यांच्या सलाम बॉम्बे (१९८८) या चित्रपटाने निराळा मार्ग स्वीकारला. त्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर ऊर्फ गर्द या पदार्थाचा प्रसार झाला होता, डॉ. अनिल व डॉ. सुनंदा अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये सुरू केले, ते याच पार्श्वभूमीवर. चित्रपटातील चिलीम (रघुवीर यादव) हा गर्द विकणारा व स्वतः तिच्या आहारी गेलेला तरुण आहे. परंतु कथा घडते ती त्याला जपणाऱ्या कृष्णा या मुलाच्या नजरेतून. गावी परतण्यासाठी त्याने साठविलेले पैसे नाहीसे होतात आणि चिलीमने ते नशेसाठी चोरल्याचे त्याला उमगते. नशेच्या सुखापेक्षा तिची किंमत, तीही दुसऱ्याने मोजलेली, येथे प्रेक्षकापुढे येते.

व्यसनाचे चित्रण करणाऱ्या संकलनाची कसोटी नशेचा क्षण किती प्रभावीपणे दाखविला ही नसून, त्या क्षणानंतरचा काळ व त्यात होरपळणारी माणसे यांना किती स्थान दिले, ही होय.