दार आधीच उघडं होतं

वॉल्टर सालेसचा 'आय एम स्टिल हिअर' समुद्रात सुरू होतो. रिओ दि जानेरोच्या किनाऱ्याजवळ युनिस पायवा पाण्यावर निवांत तरंगतेय आणि तिच्या डोक्यावरून हेलिकॉप्टर घरघरत जातं. साल १९७०. मग आपण तिच्या घरात शिरतो. पाच मुलं, नुकतंच आणलेलं कुत्र्याचं पिल्लू, गाणी, पाहुणे, वाळूचे पाय घेऊन आत-बाहेर करणारी पोरं. या घराला कुलूप असेल असं वाटतच नाही. २० जानेवारी १९७१ला साध्या कपड्यांतली काही माणसं येतात आणि तिच्या नवऱ्याला, रुबेन्सला, चौकशीसाठी घेऊन जातात. तो परत येत नाही.

चित्रपटाचं जगभर कौतुक झालं. २०२५मध्ये ब्राझीलला पहिल्यांदाच सर्वोत्तम आंतरराष्ट्रीय चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. ते कौतुक योग्यच आहे. फर्नांडा तोरेसने उभी केलेली युनिस पडद्यावर जवळपास रडतच नाही. बारा दिवस कोठडीत काढून घरी आल्यावर ती आधी अंग घासून धुते. मासिकाच्या फोटोग्राफरला दुःखी कुटुंबाचा फोटो हवा असतो, तर ही मुलांना हसायला सांगते. छळाचं एकही दृश्य न दाखवता, भिंतीपलीकडच्या आवाजांवर भीती उभी करणं सोपं नाही. सालेसला ते जमलंय.

तरीही एक गोष्ट खटकते. चित्रपट १९७०मध्ये सुरू होतो आणि लष्कर सत्तेत आलं १९६४ला. मधली सहा वर्षं आणि त्याआधीची तीन-चार वर्षं गाळल्यामुळे पडद्यावरची हुकूमशाही चक्रीवादळासारखी वाटते. कुठून तरी आली, एका सुखी घरावर आदळली. ब्राझीलच्या प्रेक्षकाला मागचं ठाऊक असतं. आपण मोबाइलवर हा चित्रपट बघतो तेव्हा आपल्याला ते ठाऊक नसतं. मग 'वाईट माणसं आली' एवढंच हाती लागतं.

आमच्या क्षेत्रात रात्री तीनला सर्व्हर पडला, तर दुसऱ्या दिवशी कुणी फक्त 'तीनला काय झालं' असं विचारत नाही. गेल्या काही महिन्यांत कोणते बदल झाले आणि ते कुणी मंजूर केले, हे शोधतात. ब्राझीलच्या बाबतीत हा शोध १९६०पर्यंत मागे जातो.

तेव्हा ब्राझीलमध्ये राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष यांना मतदार वेगवेगळी मतं द्यायचे. १९६०च्या निवडणुकीत जानिओ क्वाद्रोस राष्ट्राध्यक्ष झाले. झाडू हे त्यांचं चिन्ह होतं, भ्रष्टाचार झाडून काढणार ही घोषणा. उपराष्ट्राध्यक्ष मात्र विरोधी गटाचे जुआंव गुलार्ट निवडून आले, कामगार संघटनांशी जवळीक असलेले. २५ ऑगस्ट १९६१ला, सात महिनेही पूर्ण झाले नसताना, क्वाद्रोस यांनी अचानक राजीनामा दिला. गुलार्ट तेव्हा चीनच्या दौऱ्यावर होते. तिन्ही सैन्यदलांच्या मंत्र्यांनी सांगितलं, हा माणूस राष्ट्राध्यक्ष म्हणून चालणार नाही. गुलार्ट यांचे मेहुणे लिओनेल ब्रिझोला दक्षिणेकडच्या रिओ ग्रांदे दो सुल राज्याचे गव्हर्नर होते. त्यांनी रेडिओवरून राज्यघटनेच्या बाजूने मोहीम उघडली, तिथल्या सैन्यानेही साथ दिली. यादवी तोंडावर आली.

मग काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, तडजोड काढली. काही दिवसांत घटनादुरुस्ती करून संसदीय पद्धत आणली आणि बहुतेक अधिकार काढून घेतलेल्या राष्ट्राध्यक्षपदाची शपथ गुलार्ट यांना दिली. रक्तपात टळला म्हणून सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मला मात्र सगळ्यात घातक पाऊल हेच वाटतं. सेनापतींनी डोळे वटारले तर नियम बदलता येतात, हे त्या दिवशी नोंदलं गेलं. जानेवारी १९६३च्या सार्वमतात लोकांनी प्रचंड बहुमताने गुलार्ट यांचे अधिकार परत दिले, पण नोंद पुसली गेली नाही.

पुढचं वर्ष महागाईचं आणि रस्त्यावरच्या मोर्चांचं. गुलार्ट जमीन सुधारणांची भाषा करत होते, काँग्रेस अडवत होती. १३ मार्च १९६४ला त्यांनी रिओच्या मध्यवर्ती स्टेशनाजवळ प्रचंड सभा घेतली. १९ मार्चला साव पावलोमध्ये त्याला उत्तर मिळालं. देव, कुटुंब आणि स्वातंत्र्य यांच्या नावाने लाखो लोक रस्त्यावर उतरले. त्यात मध्यमवर्गीय घरांतल्या बायका होत्या, चर्चशी जोडलेले लोक होते. मोठी वर्तमानपत्रं आणि बड्या राज्यांचे गव्हर्नर सरकारविरोधात होते. अमेरिकेने मदतीसाठी नौदलाची तयारी ठेवली होती. ३१ मार्चला मिनास जेराइस राज्यातून सैन्य निघालं, तेव्हा बराचसा रस्ता नागरिकांनीच मोकळा करून ठेवला होता.

यातला सगळ्यात विलक्षण क्षण २ एप्रिलच्या पहाटेचा आहे. सिनेटचे अध्यक्ष आउरो दि मोउरा आंद्राद यांनी राष्ट्राध्यक्षपद 'रिक्त' असल्याचं जाहीर केलं. गुलार्ट तेव्हा देशातच, पोर्तो आलेग्रेमध्ये होते. ११ एप्रिलला काँग्रेसने जनरल कास्तेलो ब्रांको यांना रीतसर मतदान करून राष्ट्राध्यक्ष निवडलं. त्यांना मत देणाऱ्यांमध्ये माजी राष्ट्राध्यक्ष जुसेलिनो कुबिचेकही होते. पुढची निवडणूक आपण लढवू, अशी त्यांना आशा होती. दोन महिन्यांत त्यांचंच सिनेटपद आणि राजकीय हक्क काढून घेतले गेले. ती निवडणूक झालीच नाही. लष्कर २१ वर्षं राहिलं.

रुबेन्स पायवा या सगळ्याच्या मधोमध होते. ते गुलार्ट यांच्या पक्षाचे खासदार होते. १९६२च्या निवडणुकीत सरकारविरोधी उमेदवारांकडे कुठून पैसा आला, याची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीत त्यांनी काम केलं होतं. १ एप्रिल १९६४ला त्यांनी रेडिओवरून लोकांना घटनात्मक सरकारच्या पाठीशी उभं राहण्याचं आवाहन केलं. त्याच महिन्यात त्यांची खासदारकी गेली. चित्रपटात त्यांच्या या भूतकाळाचा नुसता ओझरता उल्लेख आहे. पडद्यावर भेटतो तो प्रेमळ बाप, जो गुपचूप काही निरोप पोचवतो.

सालेसच्या बाजूने म्हणता येईल की ही गोष्ट युनिसची आहे, आणि सव्वादोन तासांत इतिहासाचा तास घेतला असता तर ती मेली असती. हे मान्य. पण त्यामुळे युनिसच्या लढ्याचाही अर्थ थोडा लहान होतो. लष्कराने सांगितलं की रुबेन्सला त्याच्या साथीदारांनी वाटेतून पळवून नेलं. युनिस पुढे वकील झाली आणि त्या खोट्या कागदाशी वर्षानुवर्षं भांडत राहिली. १९९६मध्ये मृत्यूचा दाखला हातात घेऊन ती हसते, तो चित्रपटातला सर्वांत मोठा प्रसंग आहे. देशात असलेल्या राष्ट्राध्यक्षाची खुर्ची रिकामी घोषित करणारा कागद आणि कोठडीत मारलेल्या माणसाला 'पळालेला' ठरवणारा कागद एकाच जातीचे आहेत, हे कळलं असतं तर ते हसू आणखी खोल गेलं असतं. युनिस फक्त नवऱ्यासाठी लढत नव्हती. राज्यसंस्थेने कागदावर खोटं लिहू नये, एवढी तिची मागणी होती.

ती मागणी उशिरा का होईना पुढे सरकली. २ एप्रिल १९६४ची ती घोषणा काँग्रेसने २०१३मध्ये रद्द केली. जानेवारी २०२५मध्ये रुबेन्सच्या दाखल्यावर मृत्यूचं कारण म्हणून सरकारी हिंसा नोंदवली गेली. सप्टेंबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जाइर बोल्सोनारो आणि काही माजी जनरल यांना बंडाच्या कटासाठी दोषी ठरवलं. १९६४च्या सूत्रधारांपैकी कुणालाही शिक्षा झाली नव्हती. १९७९च्या माफीच्या कायद्याने छळ करणाऱ्यांनाही वाचवलं.

चित्रपट जरूर बघा, शक्यतो मोठ्या पडद्यावर. त्यानंतर सिल्व्हिओ तेंडलरचा 'जँगो' हा १९८४चा माहितीपट मिळाला तर तोही बघा. जँगो हे गुलार्ट यांचं लाडकं नाव. घरात माणसं कशी शिरली हे सालेस दाखवतो. दार कुणी उघडलं होतं, ते तिथे कळतं.