कारक आणि खतावणी : लेखासंशोधनातील सिद्धान्तनाचा प्रश्न

कथनमीमांसेच्या अभ्यासकाला ‘कारक’ ही संकल्पना अपरिचित नाही. ल्युसियाँ तेनियेर या फ्रेंच भाषावैज्ञानिकाने क्रियापदाभोवती उभ्या राहणाऱ्या वाक्यघटकांचा विचार करताना ती वापरली. ग्रेमासने १९६६ साली संरचनात्मक अर्थविचारावरील आपल्या ग्रंथात ती वाक्यातून कथेत आणली आणि कर्ता, ईप्सित विषय, प्रेषक, ग्राहक, सहायक व विरोधक अशी सहा स्थाने निश्चित केली. या मांडणीतील निर्णायक गोष्ट अशी, की कारकाचे स्थान माणसानेच व्यापले पाहिजे असे नाही. अंगठी, वारा, शाप किंवा एखादी कल्पना यांनाही ते व्यापता येते. ब्रूनो लातूरने ही संकल्पना ग्रेमासकडून घेतली व प्रयोगशाळेच्या अभ्यासात योजली. पुढे १९९० च्या दशकात ती लेखाशास्त्राच्या संशोधनात, म्हणजे अंदाजपत्रके, परिव्ययपत्रके आणि ताळेबंद यांच्या विवेचनात पोचली. कथेच्या व्याकरणातून निघालेली संकल्पना खतावणीपर्यंत गेली, तेव्हा तिने तेथे सिद्धान्त घडवला की केवळ नवी परिभाषा पुरवली, हा प्रश्न म्हणूनच साहित्यसमीक्षेच्या कक्षेबाहेरचा ठरत नाही.

मिशेल कालों, लातूर आणि जॉन लॉ यांनी घडवलेल्या या विचारप्रणालीला कर्ता-जाल सिद्धान्त असे म्हणता येईल. समाज, सत्ता, हितसंबंध यांना स्पष्टीकरणाचे आयते मूळ न मानता, माणसे आणि वस्तू एकमेकांशी कशा जोडल्या जातात याचा माग काढणे, ही तिची मूळ प्रतिज्ञा. कालोंच्या १९८६ च्या प्रसिद्ध निबंधात फ्रान्समधील सँ-ब्रियक उपसागरातील शिंपल्यांच्या संवर्धनाचा प्रयत्न वर्णिला आहे. तीन संशोधक, मच्छीमार आणि शिंपल्यांच्या अळ्या या सर्वांना तो एकाच शब्दसंग्रहाने हाताळतो. प्रश्न मांडणे, इतरांचे हितसंबंध त्यात गुंतवणे, त्यांच्या भूमिका मुक्रर करणे आणि मोजक्या प्रतिनिधींमार्फत सर्वांच्या वतीने बोलणे, अशा चार अवस्थांतून घडणाऱ्या प्रक्रियेला तो ‘भाषांतर’ म्हणतो. भाषांतराबरोबर मूळाशी द्रोहही येतो, हे त्याला ठाऊक आहे. अळ्या पुढे जाळ्यांना चिकटेनाशा होतात, आणि नाताळच्या सुमारास मच्छीमार राखीव क्षेत्रात शिरून शिंपले उपसून नेतात.

लेखाशास्त्राला या विचाराची गरज का भासली? १९७६ साली अँथनी हॉपवुड याने ‘अकाउंटिंग, ऑर्गनायझेशन्स अँड सोसायटी’ हे नियतकालिक सुरू केले. हिशेब हे आर्थिक वास्तवाचे तटस्थ प्रतिबिंब आहे या समजुतीला तेथे सातत्याने आव्हान मिळाले. १९८० च्या दशकात या आव्हानाला मिशेल फूको याच्या विचाराचे मोठे पाठबळ लाभले. पीटर मिलर आणि टेड ओलिअरी यांच्या १९८७ च्या निबंधात प्रमाण परिव्ययाची पद्धत ‘शासनयोग्य व्यक्ती’ कशी घडवते, याचे विवेचन आले. परंतु ज्ञान आणि सत्ता यांचा संबंध एकदा मान्य केल्यावरही एक साधा प्रश्न उरतो. हे सर्व संख्यांनीच का साधते? कीथ रॉबसनने १९९२ च्या आपल्या निबंधात नेमका हाच प्रश्न घेतला. संस्कृतातून आलेल्या ‘अंक’ या शब्दात खूण आणि संख्या हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. लातूरची ‘अंकना’ची कल्पना हिशेबाला लावताना रॉबसनने जणू हाच दुहेरी अर्थ उलगडला. दूरच्या कारखान्यातील घडामोड कागदावर अंकित झाली की ती हलवता येते, वाटेत बदलत नाही आणि दुसऱ्या अंकनांशी तिची बेरीज-वजाबाकी करता येते. दूर बसून कृती करण्याचे सामर्थ्य या तीन गुणांतून येते. येथे विचारप्रणालीने लेखाशास्त्राला केवळ नाव दिले नाही. लेखाशास्त्राने इतके दिवस न विचारलेला प्रश्न तिने विचारावयास लावला.

वाय फाँग चुआ हिचा १९९५ चा अभ्यास याच्या पुढची पायरी म्हणावी लागेल. रुग्णांचे निदानाधारित गट पाडून खर्च मोजण्याची पद्धत मूळ अमेरिकेतील येल विद्यापीठात विकसित झाली. १९८३ पासून तेथील वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्यविमा योजनेने रुग्णालयांना पैसे देण्यासाठी ती स्वीकारली. ही पद्धत ऑस्ट्रेलियातील तीन सार्वजनिक रुग्णालयांत रुजवली जात असताना चुआने तिचे निरीक्षण केले. तिचा निष्कर्ष असा, की नव्या संख्या टिकल्या त्या वास्तवाशी त्यांचा मेळ सिद्ध झाला म्हणून नव्हेत, आणि त्यांनी कार्यक्षमता आणून दाखवली म्हणूनही नव्हेत. तज्ज्ञांनी परस्परांपासून दूर जाणारे आणि सतत बदलणारे हितसंबंध त्यांच्याभोवती बांधून ठेवले, म्हणून त्या टिकल्या. संख्येचे वक्तृत्व हा येथे अलंकाराचा भाग राहत नाही, तो तिच्या अस्तित्वाचा आधार ठरतो.

या दोन अभ्यासांनंतर जे घडले ते साहित्यसमीक्षेला चांगले परिचित आहे. प्रणालीचे प्रारूप झाले आणि प्रारूपाचा साचा. एखाद्या संस्थेत नवी परिव्ययपद्धती येते. मग कालोंच्या चार अवस्था क्रमाने मांडावयाच्या, कोण कोणाचे ‘भाषांतर’ करतो ते दाखवावयाचे आणि शेवटी जाल स्थिरावले किंवा विस्कटले एवढे नोंदवावयाचे. या वर्गातील लेखनात निष्कर्ष आरंभीच ठाऊक असतो. मराठी समीक्षेतही कथेतील सहा कारक शोधून सहा चौकटी भरल्या, की तिचे विश्लेषण झाले असे मानण्याची प्रवृत्ती काही काळ दिसली, तिच्याहून हे वेगळे नाही. दोन्हीकडे ‘उपयोजन’ या शब्दाखाली सिद्धान्ताला साहित्यकृतीच्या किंवा प्रसंगाच्या कसोटीपासून वाचवले जाते.

स्वतः लातूर या उपयोजनाचा सर्वांत कठोर टीकाकार होता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. १९९९ च्या एका निबंधात त्याने ‘कर्ता’, ‘जाल’, ‘सिद्धान्त’ हे तिन्ही शब्द आणि त्यांना सांधणारी संयोगरेषा या चारही गोष्टी सदोष ठरवल्या. २००५ च्या ग्रंथात त्याने या नावाचा पुन्हा स्वीकार केला. मात्र तेथील एका संवादात, ही प्रणाली आपल्या प्रबंधाला कशी लावावी असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला प्राध्यापक सांगतो, की ती लावण्याची वस्तूच नव्हे. वर्णन पुरेसे उत्तम असेल तर त्याला वेगळ्या स्पष्टीकरणाची जोड लागत नाही, अशी त्यामागची भूमिका आहे. मग प्रश्न अधिकच बिकट होतो. ज्या प्रणालीचा जनक तिला सिद्धान्त म्हणावयास कचरतो, तिच्या आधारे लेखासंशोधक सिद्धान्ताची भर कशी घालणार?

कारी लुक्का आणि एया विन्नारी यांनी २०१४ साली या पेचातून एक वाट सुचवली. अभ्यासविषयासंबंधीचे संचित ज्ञान म्हणजे क्षेत्रसिद्धान्त आणि त्याकडे पाहण्याची संकल्पनात्मक चौकट म्हणजे पद्धतिसिद्धान्त, असा भेद त्यांनी केला. लेखासंशोधनात कर्ता-जाल विचार या दुसऱ्या वर्गात मोडतो; संशोधकाने भर घातली ती कोणत्या खात्यात, हे त्यामुळे स्पष्ट सांगता येते. हा भेद उपयुक्त आहे, यात शंका नाही. परंतु दोन्ही खाती कायमची वेगळी राहतात असे मानले, तर पद्धती ही आतून न बदलणारी भिंग ठरते आणि साच्याला पुन्हा अभय मिळते. उत्तम अभ्यासांचा अनुभव याच्या विरुद्ध आहे.

मायकेल ब्रायर्स आणि चुआ यांचा २००१ चा अभ्यास याची साक्ष देतो. ऑस्ट्रेलियातील एका ॲल्युमिनियम उद्योगात क्रियाधारित परिव्ययन आणण्याच्या प्रयत्नांचा त्यांनी मागोवा घेतला. त्यासाठी त्यांनी ‘सीमावस्तू’ ही सूझन ली स्टार आणि जेम्स ग्रीसेमर यांची १९८९ मधील संकल्पना घेतली. वेगवेगळे गट आपापल्या अर्थाने वापरतात आणि तरीही सर्वांना जी एकत्र ठेवते ती सीमावस्तू. बर्कलीच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयातील नमुन्यांवरून सुचलेली ही कल्पना परिव्ययपत्रकाला जशीच्या तशी पुरेना. काही वस्तू उपयोगामुळे नव्हे, तर त्यांच्याभोवतीच्या श्रद्धेमुळे आणि आकर्षणामुळे माणसांना बांधतात, हे ध्यानी आल्यावर त्यांनी स्वप्नदर्शी वस्तू असा एक नवा प्रकार तीत घातला. पाओलो क्वात्रोने आणि ट्रेव्हर हॉपर यांच्या २००५ च्या अभ्यासातही असेच घडते. एक अमेरिकी आणि एक जपानी अशा दोन बहुराष्ट्रीय कंपन्यांत एकात्मिक संगणकप्रणाली आल्यावर एकीत मुख्यालय आणि शाखा यांतील अंतर टिकून राहिले, तर दुसरीत ते कोसळले आणि केंद्रे अनेक झाली. ‘दूर बसून कृती’ या सूत्रात अंतर गृहीत धरलेले असते. ते अंतर नियंत्रणाच्या व्यवस्थेतूनच निर्माण होते वा नष्ट होते, असे या दोघांनी दाखवले. रॉबसनने ज्या सूत्राच्या बळावर विवेचन केले, तेच सूत्र येथे प्रश्नांकित झाले. सिद्धान्ताची वाढ ती हीच.

या दोन वर्गांतील फरक ओळखण्याची कसोटी भारतीय व्याकरणविचारातून मिळू शकते. पाणिनीने क्रियेत जो स्वतंत्र असतो त्याला कर्ता म्हटले आणि क्रियासिद्धीच्या सर्वांत निकटच्या साधनाला करण. तथापि ‘भांडे शिजवते’, ‘तलवार कापते’ असे प्रयोग भाषेत होतात, आणि तेथे करण वा अधिकरण असलेली वस्तू कर्तृपद घेते ती वक्त्याच्या विवक्षेमुळे, हेही वैयाकरणांनी जाणले होते. लेखासंशोधनात ‘अंदाजपत्रकाने निर्णय घडवला’ असे वाक्य येते, तेव्हा हाच प्रश्न उपस्थित होतो. हे कर्तृत्व संशोधकाच्या विवक्षेने दिलेले आहे की वर्णनाने कमावलेले? अंदाजपत्रक नसते किंवा त्यातील एखादा रकाना वेगळा असता, तर कोणती कृती बदलली असती, कोणाला माघार घ्यावी लागली असती, हे वर्णनातून दिसत असेल तर वस्तूचे कर्तृत्व सिद्ध होते. अन्यथा तो केवळ वाक्यरचनेचा चमत्कार राहतो. ग्रेमासचा कारक हा कथेच्या रचनेतील एक स्थानविशेष होता. जगातील कर्तृत्वाचा तो पुरावा नव्हता. लातूरने ही मर्यादा ओलांडली, आणि ओलांडण्याची किंमत प्रत्येक अभ्यासाने स्वतंत्रपणे चुकवावी लागते.

या प्रणालीवरील राजकीय आक्षेपही येथे टाळता येणार नाही. आंद्रिया व्हिटल आणि आंद्रे स्पायसर यांनी २००८ साली ती खऱ्या अर्थाने चिकित्सक ठरते काय, असा प्रश्न विचारला. जाल विणणाऱ्याच्या मागे जाणारे वर्णन बलवानाचीच कथा सांगते, ही शंका निराधार नाही. मच्छीमार राखीव क्षेत्रात शिरले ते कालोंला दिसले, कारण त्यांना आधी भूमिका दिली गेली होती. ज्याच्या नावाने खातेच उघडले गेले नाही, त्याची नोंद ना हिशेबात होते ना हिशेबाच्या या वर्णनात. माग कोठून काढावयास आरंभ करावा, याचा नियम ही प्रणाली देत नाही. तो निर्णय संशोधकाच्या मूल्यविवेकावर उरतो, आणि तो निर्णय उघड न करणारे वर्णन कितीही सूक्ष्म असले तरी अपुरेच म्हणावे लागेल.

तात्पर्य, लेखासंशोधकांनी या प्रणालीतून सिद्धान्त घडवला तो परिभाषेच्या काटेकोर उपयोजनाने नव्हे. परिव्ययपत्रकाने, संगणकप्रणालीने किंवा रुग्णालयातील संख्येने जेथे परिभाषेला विरोध केला आणि संशोधकाने तो विरोध मान्य केला, तेथेच तो घडला. साहित्यसमीक्षेलाही यापेक्षा वेगळा निकष उपलब्ध नाही. उसना सिद्धान्त समीक्षेच्या हाती आल्यावर त्याच्यात काही पालट झाला की तो घेतला तसाच परत गेला, एवढे पाहिले तरी समीक्षेच्या कमाईचा अदमास येतो.