ऋण कोणाचे, क्षमा कोणाची?

उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन अशी उपासना चालते. वधस्तंभावरच्या येशूचे सात उद्गार सात जण उलगडून सांगतात. मराठी ख्रिस्ती समाजाचा हा एक जिवंत वाङ्मयप्रकार आहे असे मी मानतो. पण आमच्या समीक्षेने त्याची दखल घेतलेली नाही. ख्रिस्ती वाङ्मय म्हटले की रेव्हरंड टिळकांची भजने आणि लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' एवढ्यावर आमची यादी संपते. खेड्यापाड्यांतल्या महार-मांग ख्रिस्त्यांपुढे वर्षभर जे बोलले जाते, ज्यातून त्यांची जाणीव घडते किंवा बोथट होते, ते वाङ्मय नव्हे काय?

हे मी पूर्ण बाहेरून बोलत नाही. माझी आई नांदेड जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरातली, वडील बौद्ध. लातूरला आजीचे बोट धरून मी चर्चमध्ये गेलो आणि वडिलांच्या खांद्यावर बसून भीमजयंतीच्या मिरवणुकीत. घरातला पहिला पदवीधर मीच. आता नांदेडला मराठी शिकवतो. तेव्हा माझ्या बौद्ध मित्रांनी 'तुला येशूशी काय करायचे आहे?' असे विचारू नये. ज्या शब्दांवर माझी आजी जगली ते शब्द तपासण्याचा मला अधिकार आहे.

उपासनेचे वर्ष आगमनकाळापासून सुरू होते. नाताळ, राखेचा बुधवार, उपवासाचे चाळीस दिवस, झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवार, पुनरुत्थान, पन्नासावा दिवस. सण बदलतात; प्रवचन मात्र फिरून दोनच गोष्टींवर येते : तू पापी आहेस, कबूल कर; आणि तुझा ज्यांनी छळ केला त्यांना क्षमा कर. ऐकणारा कोण आहे, हा प्रश्न प्रवचनकाराला पडत नाही.

पहिला उद्गार घ्या. आपल्याला खिळणाऱ्यांसाठी येशू पित्याकडे क्षमा मागतो. तिन्ही तासांतला मोठा वाटा या उद्गाराला मिळतो. पण शब्दांकडे नीट पाहिले तर 'मी तुम्हांला क्षमा करतो' असे येशू शिपायांना म्हणत नाही. तो आकाशातल्या बापाला विनवतो, निवाडा त्याच्या हाती देतो. लूकच्याच सतराव्या अध्यायात क्षमेचा क्रम स्पष्ट आहे. भावाने अपराध केला तर आधी त्याला दटाव; त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर. आमच्या प्रवचनांतून दटावणे गळाले, पश्चात्ताप गळाला. उरली ती फक्त क्षमा, आणि तीही एकाच बाजूने द्यायची.

प्रभूच्या प्रार्थनेचे तेच झाले. मराठी प्रोटेस्टंट पोथीत, मत्तयाच्या शुभवर्तमानात, तेथे 'ऋण' हा शब्द आहे. मराठवाड्यातल्या माणसाला ऋण म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. सालगड्याला ते ठाऊक आहे, मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला गेलेल्या बाईला ठाऊक आहे. पण प्रवचनकार तत्काळ खुलासा करतो : ऋण म्हणजे पाप. झाले! सावकार सुटला. जक्कयाची गोष्ट रविवारच्या शाळेतल्या पोरांना तो झाडावर चढला म्हणून सांगतात. त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि लुबाडलेल्याची चौपट परतफेड करण्याचे कबूल केले, आणि मगच येशूने त्याच्या घराला तारण आले असे जाहीर केले. हा हिशेब फळ्यावर कोणी मांडत नाही.

बाबासाहेबांनी नेमके यावरच बोट ठेवले होते. धर्मांतरित ख्रिस्त्यांच्या स्थितीवरचा त्यांचा इंग्रजी लेख १९८९ साली त्यांच्या लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात आला. अस्पृश्याची अधोगती भोवतालच्या अन्यायी समाजव्यवस्थेने झाली हे सांगण्याऐवजी मिशनरी त्याला ती पापामुळे झाली असे शिकवतात, आणि मग त्याच्यात लढण्याची उभारी कशी यावी, असा त्यांचा आक्षेप आहे. मिशनने शाळा दिल्या, दवाखाने दिले, आमच्या कित्येक पोरांच्या हाती पहिली पाटी दिली. हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण पाटी देणाऱ्यानेच तिच्यावर पहिले अक्षर 'पापी' असे गिरवून घेतले, हेही लिहिले पाहिजे.

शिष्यत्वाचा आदर्श म्हणून कुरेनेकर शिमोनाचे उदाहरण हमखास येते. येशूचा वधस्तंभ त्याने वाहिला, तसा तुम्हीही आपापला वाहा. अहो, शिमोन शेतावरून येत होता. शिपायांनी त्याला वेठीस धरले! ज्यांच्या बापजाद्यांनी गावाचे सांगावे वाहिले, मेलेली गुरे ओढली, ज्यांच्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात महार वतनाचे विधेयक आणले, त्यांना वेठ हाच आदर्श म्हणून सांगायचा? स्वेच्छेने उचललेला क्रूस वेगळा आणि शिपायाने खांद्यावर लादलेला वेगळा. हा भेद पुसला की शिष्यत्वाचे दास्य होते.

पाचवा उद्गार तहानेचा. २५ मार्च २०१६ रोजी उत्तम शुक्रवार होता. त्या मार्चमध्ये लातुरात पाणवठ्यांभोवती जमावबंदी लागली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. त्या दुपारी मी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसलो होतो. बायका घागरींची रांग कोणाच्या तरी स्वाधीन करून आलेल्या. पाचव्या उद्गारावर बोलणाऱ्याने सांगितले की ही तहान आत्म्यांची होती, आणि पाच मिनिटांत तो खाली बसला. मला चवदार तळे आठवत होते. मरणाऱ्या माणसाने पाणी मागितले आणि त्याच्या ओठांना आंब लावली गेली, यावर आमच्या माणसाइतके कोण बोलू शकले असते? पण त्याला बोलण्याची मुभाच नव्हती. त्याला उसने बोलणे पाठ होते.

या तुलनेत 'स्मृतिचित्रे' मोठे पुस्तक ठरते ते याच कारणाने. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंनी लगेच क्षमा केली नाही. त्या वेगळ्या राहिल्या, रडल्या, चिडल्या, सोवळे सांभाळत आणि सोडत वर्षे काढली. क्षमेला लागणारा काळ त्या पुस्तकात दिसतो. मात्र ते घर ब्राह्मणाचे होते, हेही विसरता येत नाही. मांगवाड्यातल्या ख्रिस्ती बाईची 'स्मृतिचित्रे' माझ्या टेबलावर अजून आलेली नाहीत.

ती आली असती तर तिच्यात १९७८ साल असते. २७ जुलैला विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. टेंभुर्णीला पोचिराम कांबळे यांना ठार केले. आजीचे घरही त्याच दिवसांत जळाले. जाळणाऱ्यांनी भिंतीवर क्रूस आहे की बुद्ध हे पाहिले नाही. पुढचा उत्तम शुक्रवार १३ एप्रिल १९७९ रोजी आला, भीमजयंतीच्या आदल्या दिवशी. पहिल्या उद्गारावर बोलताना पाळकांनी घरे जाळणाऱ्यांना क्षमा करायला सांगितले. आजी भर उपासनेत उभी राहिली. आई तेव्हा दहा वर्षांची होती, तिला शब्द पाठ आहेत :

"माफ करते की, पाळकसाहेब. पर मागाया आलंय कोण?"

त्यावर पाळक काय बोलले हे मी आईला अनेकदा विचारले. दुसरा उद्गार सुरू झाला, एवढेच ती सांगते.