क्लाराची खुर्ची कोणी ढकलली?

योहाना स्पिरी या स्विस लेखिकेची ‘हायडी’ ही कादंबरी १८८० व १८८१ साली दोन भागांत प्रसिद्ध झाली. तिच्यावर आधारलेली बावन्न भागांची सचेतन चित्रमालिका जपानी दूरचित्रवाणीवर १९७४ च्या जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत दर रविवारी दाखविण्यात आली. दिग्दर्शक इसाओ ताकाहाता, दृश्यरचना हायाओ मियाझाकी यांची. काम हाती घेण्यापूर्वी ही मंडळी स्वित्झर्लंडला जाऊन तेथील डोंगर, कुरणे व घरे पाहून आली होती. पुढे युरोपातील मुलांनीही ही मालिका आपलीच मानली. आपल्याकडे १९९० च्या दशकात दूरदर्शनवर गाजलेला ‘मोगली’ही जपानीच होता, हे येथे जाता जाता सांगावेसे वाटते.

मूळ कादंबरी धर्मनिष्ठ आहे. देवावर व गावावर रुसून डोंगरावर एकाकी राहणाऱ्या आजोबांना हायडी उधळ्या पुत्राची कथा वाचून दाखविते. त्या रात्री म्हातारा निजलेल्या नातीपाशी दिवा घेऊन उभा राहतो, हात जोडतो आणि दुसऱ्या दिवशी उपासनेसाठी गावात उतरतो. मालिकेत हा प्रसंग नाही. तेथे आजोबा हिवाळ्यापुरते गावात येतात ते नातीच्या शाळेसाठी.

एवढ्यावरून मालिकेस अधार्मिक ठरविण्याची घाई आमच्यासारखे धर्मगुरू सहज करतील. आम्हांस ते मान्य नाही. प्रार्थना किती वेळा आली हे मोजून कलाकृतीची श्रद्धा ठरत नसते. विस्तवावर वितळणारे चीज, लाकडी वाडग्यातील दूध, गवताची शेज, वाऱ्याने घुमणारे देवदार, ही दृश्ये ताकाहाता इतक्या सावकाश व आदराने दाखवितात की, रोजची भाकर ही देणगी आहे हे लहान मुलासही उमगावे. स्पिरीबाई हेच अनेकदा उपदेशाने सांगतात. फ्रँकफुर्टमध्ये घराच्या ओढीने झुरणाऱ्या हायडीची प्रार्थना देवाने लगेच का ऐकली नाही, याचा त्यांनी लावलेला हिशेब तर आम्हांस फारच नीटनेटका वाटतो. झोपेत चालत दारापर्यंत जाणारी ती मुलगी मालिका केवळ दाखविते. तिच्या दुःखाचे समर्थन करीत बसत नाही.

आमची तक्रार वेगळीच आहे, आणि ती पेटरविषयी आहे. कादंबरीत हा शेळ्या राखणारा पोर मत्सराने पेटतो. शहरातून आलेल्या पंगू क्लाराने आपली मैत्रीण हिरावून घेतली, असे वाटून तो तिची चाकांची खुर्ची कड्यावरून ढकलून देतो. खुर्चीचा चुराडा होतो. मग पोलीस पकडायला येईल या धास्तीने त्याचे दिवस जातात. शेवटी क्लाराची आजी त्याला जवळ बोलावते, त्याच्या मनातील भीतीचा काटा त्याला दाखविते, क्षमा करते आणि वर दर आठवड्याला एक नाणे, तेही जन्मभर, देऊ करते! खुर्ची गेली म्हणूनच क्लारा चालू लागली. वाईटातून देवाने बरे केले, पण वाईट ते वाईटच होते, ही गुंतागुंत त्या म्हातारीने मुलापुढे किती सोपी करून मांडली आहे.

मालिकेतील पेटर खुर्ची ढकलीतच नाही. तो आरंभापासून अखेरपर्यंत क्लाराला साह्य करणारा गुणी मुलगा आहे. खुर्ची मोडते ती अपघाताने. मुलांपुढे मुलाचे दुष्कृत्य नको, हा विचार समजण्याजोगा आहे. परंतु अपराधच नाही तेथे क्षमा कोणाला करावयाची? ज्या मुलाने भावाचे खेळणे रागाने मोडून पलंगाखाली लपविले आहे, त्याला हा निष्पाप पेटर काही सांगू शकत नाही. आजोबांचा पश्चात्ताप गाळला तरी नातीवरील माया त्याची थोडीफार जागा भरून काढते. पेटरच्या जागी मात्र काहीच येत नाही. मालिकेने जोडलेला जोसेफ नावाचा भला थोरला कुत्रा मुलांना आवडतो, आम्हांसही आवडला. पण मुलांना मालिका दाखविणाऱ्यांनी खुर्चीच्या प्रसंगापाशी क्षणभर थांबावे आणि कादंबरीतील ते प्रकरण, नाण्यासकट, त्यांना वाचून दाखवावे.