बैहकीचा इतिहास आणि सेल्जुक बंधू

सोमनाथावर स्वारी करणारा गझनीचा महमूद आमच्या मराठी वाचकांस शाळेपासून परिचित आहे. परंतु त्या स्वारीनंतर अवघ्या चौदा वर्षांनी, 1040 च्या मे महिन्यात, मर्वजवळ दंदानकान येथे त्याच्या पुत्राचे, मसऊदाचे, सैन्य ज्यांनी धुळीस मिळविले त्या तुघ्रिल आणि चघ्री या सेल्जुक बंधूंची नावे फार थोड्यांच्या कानांवरून गेली असतील. नवल हे की, या तुर्क बंधूंच्या उदयाचे सर्वांत जिवंत वर्णन त्यांच्या कोणा भाटाने केलेले नसून मसऊदाच्या दप्तरातील चिटणीस अबुल फज्ल बैहकी याने केले आहे. त्याच्या फारसी इतिहासाच्या अवशिष्ट भागाचे बॉसवर्थकृत इंग्रजी भाषांतर 2011 मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाले. इतिहासाची गोडी असणाऱ्यांनी ते अवश्य पाहावे.

बैहकीचा पहिला गुण म्हणजे निर्भीडपणा. दंदानकानच्या रणात तो स्वतः हजर होता. पराभवाचे खापर तो दैवावर फोडीत नाही. तहानेने व्याकूळ झालेल्या सैन्यास विहिरींपाशी न थांबविता पुढे नेण्याचा धन्याचा हट्ट तो स्पष्ट दाखवितो. दुसरा गुण म्हणजे शत्रूविषयीची न्यायबुद्धी. 1038 साली तुघ्रिल निशापुरात शिरला तो दोरी चढविलेले धनुष्य बाहूत अडकवून आणि कमरेला तीन बाण खोवून; तथापि नगरच्या वृद्ध काझीपुढे आपण येथील रीतीभातींस अनोळखी असल्याचे त्याने नम्रपणे कबूल केले, हेही हा शत्रूचा चिटणीस नमूद करून ठेवतो.

उणीव आहे ती दृष्टीच्या मर्यादेची. दरबारातून जेवढे दिसते तेवढेच बैहकीस दिसते. दोघां भावांच्या तंबूत काय शिजत होते, ते त्याच्या पानांवर क्वचितच उमटते. निशापूर लुटण्याचा चघ्रीने आग्रह धरला तेव्हा तुघ्रिलने सुरी उपसून आत्मघाताची धमकी दिली, अशी कथा नंतरच्या अरबी इतिहासकारांनी सांगितली आहे. तीत तथ्य किती हा प्रश्न निराळा. परंतु भावाभावांतील ताण त्यांनी ओळखला होता, हे निश्चित.

हा ताण घराण्यास भोवला का नाही? विजयानंतर चघ्रीने मर्व व पूर्वेकडील मुलुख घेतला. तुघ्रिल पश्चिमेकडे वळला आणि 1055 मध्ये बगदादेस पोहोचला. पुढे इब्राहीम इनाल या आप्ताने बंड केले तेव्हा 1059 मध्ये तुघ्रिलच्या मदतीस चघ्रीचेच पुत्र धावले. 1063 मध्ये तुघ्रिल निपुत्रिक वारला आणि चघ्रीचा पुत्र अल्प अर्सलान गादीवर आला.

आम्ही ज्या वर्धा जिल्ह्यात राहतो तो 1853 पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. म्हणून त्या घराण्याचे स्मरण येथे अपरिहार्य आहे. जानोजीस पुत्र नव्हता. त्याने मुधोजीचा मुलगा दत्तक घेतला. 1772 मध्ये जानोजी वारताच मुधोजी आणि साबाजी यांत कारभाराविषयी कलह पेटला व 1775 मध्ये पाचगावच्या लढाईत साबाजी मुधोजीच्या गोळीने पडला. यावरून सेल्जुकांचे बंधुप्रेम थोर व भोसल्यांचे हलके, असा निवाडा करण्याचा मोह आमच्या घरांतील वडीलधाऱ्यांस होईल; तो आम्हांस मान्य नाही. तुघ्रिलपुढे पश्चिमेची वाट मोकळी होती. मुधोजी व साबाजी यांस हवा होता तो एकाच बालकाच्या नावे चालणारा एकच कारभार.

स्वभावाइतकाच परिस्थितीचा विचार करण्याची ही सवय आमच्या मराठी इतिहासलेखनात अजून पुरती रुजलेली नाही. बैहकीने आपल्या धन्याच्या पराभवाची कारणे ज्या शांतपणे मोजली, त्याच शांतपणे पाचगावची कथा सांगणारा ग्रंथ मराठीत झाला, तर आम्ही त्याचे मनापासून स्वागत करू.