‘लेगसी’ आणि ‘वारसा’ : एका फुटबॉल संस्थेच्या संगणकीय स्थलांतराची परिभाषा

एखादी व्यावसायिक क्रीडासंस्था आपले जुने क्रीडागार सोडून नव्या वास्तूत जाते, तेव्हा तिच्या तिजोरीबरोबर आणि चषकांबरोबर तिची संगणकीय यंत्रणाही हलवावी लागते. या हलवाहलवीसंबंधी एक वेगळेच व्यावसायिक वाङ्मय अलीकडे निर्माण झाले आहे. त्यात संस्थांची प्रसिद्धिपत्रके, यंत्रसामग्री पुरविणाऱ्या कंपन्यांचे वृत्तान्त आणि सल्लागारांचे अहवाल यांचा समावेश होतो. भाषाभ्यासकाने या वाङ्मयाकडे वळावे असे सकृद्दर्शनी कारण दिसत नाही. परंतु थोडे बारकाईने वाचले असता असे आढळते की, त्यातील बऱ्याच युक्तिवादांचा भार प्रमाणांपेक्षा शब्दांवरच अधिक पडलेला असतो. ‘लेगसी’, ‘मायग्रेशन’, ‘सीमलेस’, ‘एक्सपीरिअन्स’ हे शब्द काढून घेतले तर पुष्कळशी पत्रके उभीच राहणार नाहीत. लंडनमधील टॉटनहॅम हॉट्स्पर या संस्थेचे स्थलांतर हे या दृष्टीने विशेष बोलके उदाहरण होय.

या संस्थेचा इतिवृत्तान्त थोडक्यात असा. १८९९ पासून व्हाइट हार्ट लेन हे तिचे मैदान होते. १४ मे २०१७ रोजी मँचेस्टर युनायटेडविरुद्ध तेथला शेवटचा सामना झाला आणि लागलीच जुनी वास्तू पाडण्यास प्रारंभ झाला. नवे क्रीडागार जवळजवळ त्याच जागी उभे राहावयाचे होते. मधल्या काळात संघाने वेम्ब्ली येथे बिऱ्हाड केले. १५ सप्टेंबर २०१८ रोजी लिव्हरपूलविरुद्धच्या सामन्याने नव्या वास्तूचे उद्घाटन योजिले होते. परंतु ऑगस्टमध्ये, सुरक्षेच्या दृष्टीने अत्यावश्यक अशा यंत्रणांतील अडचणींचे कारण देऊन, ते पुढे ढकलण्यात आले. अखेर २४ व ३० मार्च २०१९ रोजी दोन चाचणी सामने झाल्यावर ३ एप्रिल २०१९ रोजी क्रिस्टल पॅलेसविरुद्ध पहिला अधिकृत सामना खेळला गेला व टॉटनहॅमने तो २–० असा जिंकला. जुन्या मैदानात सुमारे ३६,००० प्रेक्षक मावत. नव्यात ६२,८५० मावतात. वास्तूत सोळाशेहून अधिक बिनतारी प्रक्षेपकांचे जाळे हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझ या कंपनीच्या साहाय्याने बसविण्यात आले, आणि आत रोख पैसे स्वीकारावयाचे नाहीत असे धोरण उद्घाटनापासूनच ठेवण्यात आले.

आता शब्दांकडे वळावे. संगणकक्षेत्रात ‘लेगसी’ हे विशेषण जुन्या, कालबाह्य, परंतु अद्याप चालू असलेल्या यंत्रणेस लावतात. इंग्रजीत या शब्दाचा प्रस्थापित अर्थ मृत्युपत्राने मिळालेले धन, पूर्वजांनी मागे ठेवलेला ठेवा असा आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगणकतज्ज्ञांनी तो उचलला आणि त्याची प्रतिष्ठा उलटी केली; जे जपावयाचे ते टाकावयाचे ठरले. सामान्य कारखान्यात या दोन अर्थांची गाठ क्वचितच पडते. क्रीडासंस्थेत मात्र ती रोजच पडते, कारण क्रीडासंस्था ही पहिल्या अर्थाच्या ‘लेगसी’वरच जगत असते. टॉटनहॅमच्या नव्या वास्तूच्या माथ्यावर संस्थेचे चिन्ह असलेल्या जुन्या कोंबड्याची मोठी प्रतिकृती बसविली आहे. मूळ कोंबड्यास पॉल गॅस्कॉइन या खेळाडूने हवाई बंदुकीने पाडलेले पोचेसुद्धा तीत हुबेहूब उतरविले आहेत. जुन्या वास्तूच्या काँक्रीटचा चुरा नव्या इमारतीच्या फरशीत मिसळला आहे. म्हणजे धातूवरील पोचा हा वारसा ठरला आणि काँक्रीटचा चुराही वारसा ठरला. पण त्याच वास्तूत कित्येक वर्षे चाललेली तिकिटांची, दूरध्वनीची, हिशेबाची जी व्यवस्था होती तिला तोच शब्द लावताच ती अडगळ झाली.

हा केवळ शब्दचमत्कार नव्हे. एकाच संस्थेच्या एकाच स्थलांतरात एक शब्द दोन विरुद्ध निवाडे करतो, आणि निवाडा कोणी केला हे मात्र सांगत नाही. पोचा ठेवावा हे कोणीतरी ठरविले. जुनी यंत्रणा टाकावी हेही कोणीतरी ठरविले असणार. पहिला निर्णय अभिमानाने जाहीर होतो, तर दुसरा विशेषणाच्या आड निसर्गक्रमासारखा घडून जातो. ‘लेगसी सिस्टिम’ म्हटले की ती का टाकावयाची याची चर्चाच उरत नाही.

मराठीत हा घोटाळा अधिक स्पष्ट दिसतो. ‘लेगसी सिस्टिम’चे ‘वारसा प्रणाली’ असे शब्दशः भाषांतर केले तर ऐकणारास ती जतन करण्याजोगी वस्तू वाटेल. ‘वारसा’, ‘वारस’ आणि ‘मिरास’ हे तिन्ही शब्द अरबीतील एकाच धातूपासून फारसीमार्गे मराठीत आले, आणि मराठीत त्यांनी हक्काची छटा कधीच सोडली नाही. मिरासदार आणि उपरी हा भेद तर मराठेशाहीतील ग्रामव्यवस्थेचा कणाच होता. मिरासदाराचा जमिनीवरील हक्क वंशपरंपरेचा. तो गाव सोडून परागंदा झाला तरी परतल्यावर आपली मिरास मागू शके. उपरी मात्र दुसऱ्याच्या जमिनीवर ठरावाने राबणारा. या भेदाच्या प्रकाशात पाहिले असता इंग्लंडमधील क्रीडासंस्थांची स्थिती चटकन ध्यानात येते. वेम्ब्लीत टॉटनहॅम संस्था उपरी होती. वास्तू दुसऱ्याची, यंत्रणा दुसऱ्याची. २०१६ मध्ये अप्टन पार्क सोडून लंडन स्टेडियममध्ये गेलेली वेस्ट हॅम संस्था तर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने उपरीच झाली आहे. (१९०४ पासून स्वतःच्या मैदानावर नांदलेल्या संस्थेला हे पचविणे सोपे गेलेले नाही.) आणि वर्षानुवर्षे त्याच आसनाचे मोसमी तिकीट नूतन करणारा प्रेक्षक? कायद्याच्या भाषेत तो परवानाधारक असेल. परंतु स्वतःच्या मनात तो मिरासदारच असतो.

येथे दुसरा शब्द विचारात घ्यावा लागतो, तो ‘मायग्रेशन’. पक्षी स्थलांतर करतात तेव्हा तेच पक्षी दुसरीकडे जातात. संगणकातील नोंदींचे तसे होत नाही. त्यांची नक्कल होते. मूळ नोंद जागच्या जागी राहते आणि पुढे केव्हातरी पुसली जाते. शिवाय नक्कल करण्यापूर्वी जुन्या कोष्टकातील प्रत्येक रकान्याला नव्या कोष्टकात जोडीचा रकाना शोधावा लागतो. ज्या माहितीला जुन्या कोष्टकात रकानाच नव्हता, ती कितीही कुशल तज्ज्ञ आणला तरी नव्या घरी पोहोचत नाही. व्हाइट हार्ट लेनचे आसन हे कोष्टकात बाजू, ओळ आणि क्रमांक या तीन पदांनी निर्दिष्ट होत असे. प्रेक्षकाच्या दृष्टीने मात्र त्या आसनाचा अर्थ ‘अमक्याच्या शेजारी’, ‘तमक्याच्या मागे’ असा संबंधवाचक असतो. भाषाशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर यंत्रणेने आसन हे नाम म्हणून टिपले आणि प्रेक्षकाने दर्शक सर्वनाम म्हणून. वास्तू पाडल्यावर नामाचा निर्देश्यच नाहीसा झाला. सर्वांना नव्या रचनेत नवी जागा घ्यावी लागली. नव्या दक्षिण बाजूस १७,५०० आसनांची एकसंध चढण आहे. तिच्याशी जुन्या बाजूंचा एकास एक असा मेळ घालणे मुळातच शक्य नव्हते. अशा वेळी ‘नोंदी सुरळीत स्थलांतरित झाल्या’ हे विधान तांत्रिकदृष्ट्या खरे असूनही, जे नोंदलेच गेले नव्हते त्याच्या नाशाविषयी ते मूक राहते.

तिसरा मुद्दा व्याकरणाचा आहे, आणि सर्वांत महत्त्वाचा कदाचित तोच असेल. इंग्रजीतील कित्येक क्रियापदे सकर्मक व अकर्मक अशी दोन्ही असतात. ‘मायग्रेट’ हे त्यांपैकीच. नोंदी ‘मायग्रेट’ होतात आणि तज्ज्ञही नोंदी ‘मायग्रेट’ करतात. रूप तेच राहिल्यामुळे कर्ता बेमालूम गळून पडतो. मराठीत तुटणे आणि तोडणे, फुटणे आणि फोडणे, पडणे आणि पाडणे अशा जोड्या आहेत. यंत्रणा ‘बंद पडली’ की ‘बंद पाडली’ यांतून वक्त्यास एकाची निवड करावीच लागते. २०१८ च्या ऑगस्टमधील उद्घाटनाच्या तहकुबीचे निवेदन मराठीत उतरवू पाहणारास हा पेच पडेल. अडचणी ‘उद्भवल्या’, ‘आढळल्या’, की कोणाच्या कामामुळे ‘निर्माण झाल्या’? तिन्ही वाक्यांत जबाबदारीचे माप निराळे आहे. मराठी पत्रकारांनी अशा प्रसंगी सवयीने ‘तांत्रिक कारणास्तव’ असा शब्दप्रयोग करून भाषेने दिलेली ही सोय स्वतःहून सोडून द्यावी, याला काय म्हणावे!

‘सीमलेस’ म्हणजे शिवण न दिसणारे. या विशेषणाने सुचविलेली अखंडता वस्तुस्थितीशी कितपत जुळते, हे पाहण्यासाठी यंत्रणेची घडण थोडी समजून घेणे अगत्याचे आहे. जुन्या क्रीडागारांत प्रवेशद्वाराचे फिरते अडसर, उपाहारगृहाचा गल्ला, दूरध्वनी, चित्रफलक यांच्या तारा निरनिराळ्या असत. नव्या वास्तूंत ही बहुतेक कामे एकाच जाळ्यावरून, केवळ तर्कदृष्ट्या विभाग पाडून, चालविली जातात. त्यामुळे देखभाल सोपी होते, खर्च वाचतो, आणि फुटबॉलच्या हिरवळीखालून दुसरा पृष्ठभाग उघडून त्याच वास्तूत अमेरिकन फुटबॉल खेळवावयाचे (२०१९ च्या ऑक्टोबरात येथे तसे प्रथम झाले) तर व्यवस्था पालटणे सुकर होते. हे लाभ खरे आहेत, आणि ते नाकारणे हा दुराग्रह ठरेल. परंतु शिवण नाही याचा दुसरा अर्थ असा की, कापड फाटले तर ते कोठे थांबेल याचा भरवसा नाही. जाळे अडखळले की जेथे रोख पैसे घेतच नाहीत तेथे चहाचा एक पेलासुद्धा विकता येत नाही.

बिनतारी जाळ्याचे तर आणखी एक वैशिष्ट्य आहे. माणसाच्या शरीरात पाण्याचे प्रमाण मोठे असल्यामुळे ते या लहरी शोषून घेते. रिकाम्या क्रीडागारात उत्तम चालणारी यंत्रणा ते माणसांनी भरले की वेगळीच वागू लागते. म्हणूनच प्रक्षेपक थोडे व बलवान न ठेवता अनेक व दुबळे ठेवतात. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियात सांता क्लारा येथे उघडलेल्या लीव्हाइज स्टेडियममध्ये ते आसनांखाली बसविण्याची रीत अवलंबिली होती. या दृष्टीने पाहता मार्च २०१९ मधील दोन चाचणी सामन्यांस आलेले प्रेक्षक हे नुसते पाहुणे नव्हते. ते परीक्षेचे साधनही होते. व्यावसायिक वाङ्मय ज्याला ‘फॅन एक्सपीरिअन्स’ म्हणते त्यात प्रेक्षक हा अनुभव घेणारा, म्हणजे निष्क्रिय ग्राहक असतो. प्रत्यक्षात त्याच्या देहाच्या उपस्थितीनेच यंत्रणेची घडण ठरते. शब्दाने त्याचे कर्तृत्व हिरावून घेतले आहे.

‘कॅशलेस’ या शब्दाबद्दल एवढेच नोंदवावे की, ‘रोकडरहित’ हे त्याचे भाषांतर अचूक असूनही अपुरे आहे. एखाद्या वस्तूचा अभाव दर्शविणारे विशेषण वास्तूस लावले जाते; ज्या माणसाजवळ रोकडीवाचून दुसरे काही नाही त्यास तेथे स्थान नाही, हा त्याचा खरा आशय होय. वृद्ध प्रेक्षक आणि अल्पवयीन मुले यांच्यावर त्याचा परिणाम प्रथम होतो. अभाववाचक विशेषणाने हा वगळण्याचा व्यवहार सोयीसारखा भासविला जातो.

मराठी परिभाषेपुरते बोलावयाचे तर दोन सूचना करता येण्यासारख्या आहेत. ‘लेगसी सिस्टिम’ला ‘वारसा’ जोडू नये. ‘जुनी चालती यंत्रणा’ हा साधा शब्दप्रयोग पुरेसा आहे, आणि त्यातील ‘चालती’ हे पद मुद्दाम राखावे, कारण चालणारी वस्तू का थांबवावयाची हा प्रश्न ते जिवंत ठेवते. ‘डेटा मायग्रेशन’साठी मात्र एकच प्रतिशब्द पुरणार नाही. सामान्य नोंदींच्या बाबतीत ‘उतरवणी’ चालेल. जेथे नोंदीबरोबर माणसाचा हक्कही हलतो, जसे मोसमी तिकिटाचे आसन, तेथे महसुली कामकाजातील ‘फेरफार’ हा शब्द अधिक नेमका आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये फेरफाराची नोंद प्रमाणित करण्यापूर्वी हितसंबंधितांना नोटीस द्यावी लागते आणि आलेल्या हरकती निकालात काढाव्या लागतात. तक्रारींची नोंदवही वेगळी असते. तलाठ्याच्या दप्तरातला हा शब्द संगणकीय अहवालात कदाचित ग्राम्य वाटेल. परंतु कोणाचा कोणता हक्क कमी झाला, कोणाचा वाढला आणि हरकत घेण्यास मुदत किती होती, हे तीन रकाने त्या शब्दाबरोबर आपोआप येतात, आणि ‘मायग्रेशन’च्या कोष्टकात नेमके तेच नसतात.